संध्याच्या घराला गिऱ्हाईक

"उठा. ओटा धुवायचाय मला."

भल्या सकाळी संध्याचा आवाज ऐकला अन् मी शेणाची पाटी तशीच खाली ठेवली. तिच्या माझ्या घरात एकच भिंत. तिच्या ओट्यावर कुणी खोकलं तरी मला ऐकू येतं. बघितलं तर ती दोन पोरं कालच्याच जागेवर येऊन बसलेली. एकाचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाय, दुसऱ्याला रुद्र म्हणायचे. धनराजनं, म्हणजे संध्याच्या नवऱ्यानं, नाशिकरोडच्या ज्या माणसाकडून व्याजानं पैसे उचलले होते त्यानं धाडलेली ही पोरं. भांडायचं नाय, शिवी द्यायची नाय, अंगाला हात लावायचा नाय. नुसतं ओट्यावर बसायचं. दिवस उगवला की यायचं, दिवे लागले की जायचं. अन् बसल्या बसल्या गुटखा खाऊन थुंकायचं.

"धुवा की वयनी," रुद्र म्हणाला. "आमी पाय वर घेतो."

"पाय नको वर घिऊ. ऊठ."

"धनराजभाऊला म्हनावं पैशे द्या, लगीच उठतो. आमाला काय हौस हाय व्हय इथं उन्हात बसायची?"

असं म्हणत त्यानं पचकन पिंक टाकली, ती गेली आकाशी भिंतीवर. लाल ओघळ खालपर्यंत आला. संध्यानं वाकून बादली उचलली अन् सगळं पाणी दोघांच्या अंगावर ओतलं. मला वाटलं आता मारामारी होते. मी कंबरेला पदर खोचून पुढं झाले. पण ती पोरं चिडली नायत. रुद्रनं तोंडावरचं पाणी पुसलं, हसला, अन् आत डोकावून म्हणाला, "मोहिनी भाईर गेली का वो? आज दिसली नाय."

संध्याच्या हातातली बादली खाली पडली.

मोहिनी तिची पोरगी, दहावीला बसलेली. रुद्रनं तिचं नाव घ्यायचं काय कारण होतं? कायच नव्हतं, अन् म्हणूनच ते घेतलं होतं. संध्या आत गेली, मोरीत बसली, अन् आतडं बाहेर येईल अशी ओकली. मी पाठीवरून हात फिरवला. चूळ भरून ती म्हणाली, "मावशी, हे घर इकायचं. आखाजीच्या आत इकायचं. मला ह्या पोरांची थुकी धुवायची नाय आता." नाशिकरोडवाल्यानं आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंतचीच, मुदत दिलेली.

मंग घराचं सांगते. घर काय जुनं-पुरानं नव्हतं. धनराजचा राखेच्या विटांचा धंदा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून राख आणायची, आमच्या खडकवाड्याच्या माळावर विटा पाडायच्या. गावात कुठंही उभं राहा, तिकडची धुराडी दिसतातच. धंदा बरा चालायचा. जागा मात्र संध्याच्या बापानं लग्नात दिलेलं सोनं मोडून घेतलेली, म्हणून घर तिच्या नावावर. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी अन् संडास, अन् रस्त्याच्या तोंडावर. बांधताना संध्यानं सहा महिने स्वतः पाणी मारलं होतं भिंतींना. गवंडी म्हणायचा, ही बाई घराला लेकरासारखं न्हाऊ घालते.

तेच घर निवडणुकीनं गिळलं.

सरपंचाची जागा बायांसाठी सुटली. आमच्या गावात कारभारी आबा म्हणून एक माणूस आहे. स्वतः कधी उभा राहत नाय, दुसऱ्याला उभं करतो. तो धनराजकडं आला अन् म्हणाला, "तुझी मंडळी धावी पास हाय, बोलाया चांगली हाय. तिच्यासारकी दुसरी कोन हाय गावात? तू फकस्त हो म्हन, निवडून आनायचं माज्याकडं लागलं."

संध्या नको म्हणत होती. पण धनराजच्या डोक्यात हवा गेली. माणूस वाईट नाय तो, भोळा आहे, अन् भोळ्या माणसाला हार गळ्यात पडायची लय घाई असते. चौकात बॅनर लागला, तर त्याच्यावर धनराजचा हात जोडलेला फोटो एवढा मोठा अन् खाली कोपऱ्यात संध्याचा तिकिटाएवढा. बाया हसायच्या. म्हणायच्या, उभा नेमका कोण राहिलाय?

तीन आठवडे तिच्या दारात चुली पेटल्या. रोज बकरं. पंगतीवर पंगत. डोक्यावर पदर घेऊन संध्या वाढायची अन् माणसं ताटावरून मान वर न करता म्हणायची, "वयनी, नळी नाय आली मला," "वयनी, रस्सा पातळ झालाय जरा आज." मागं बाटल्या. न्हाणीत ओकलेलं. सकाळी सगळं धुवायचं ते तिनं अन् मी. शितं असली की भुतं जमतात हे ऐकून होते, पण भुतांनी शितं चावून वर शेगडीसुद्धा न्यावी हे तेव्हाच बघितलं. खरंच, दोन शेगड्या अन् एक मोठं पातेलं गेलं ते गेलंच.

ज्या गल्लीत सगळ्यात जास्त मटण गेलं त्या गल्लीतून तिला मूठभर मतं पडली. निकालाच्या संध्याकाळी दारात कुत्रं नव्हतं असं म्हणणार होते, पण तेही खोटं. कुत्रीच तेवढी होती. मागच्या उकिरड्यावर हाडांचा ढीग पडलेला अन् गावातली सगळी कुत्री तिथं. जिंकल्यावर घालायला आणलेले झेंडूचे हार टोपलीत कुजले. कितीतरी दिवस तो वास जाईना. संध्यानं तेव्हापासून मटणाला हात लावला नाय. मसाला भाजल्याचा वास आला तरी ती पदर नाकाला लावायची.

धनराजनं पैसे कुठून कुठून उचलले होते ते एकेक बाहेर आलं. खाटीक आला, टेम्पोवाले आले, मंडपवाला आला. शेवटी नाशिकरोडचा तो माणूस. विटांची मशीन गेली, टेम्पो गेला, तरी त्याचं व्याजच फिटेना. तेव्हा ती पोरं ओट्यावर आली.

आता घर विकायचं म्हटल्यावर गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो? दुपारपासून माणसं यायला लागली. ऊन असं की रस्त्यावरची माती पायाला भाकरीसारखी भाजायची, तरी यायची. अन् कोण यायची? तीच. पंगतीला बसलेली. जिथं बसून हाडं चोखली तिथंच उभं राहून भिंतीवर टिचक्या मारायची.

"सलाब गळत असंल बो पावसाळ्यात."

"दार दक्षिनेला हाय. म्हनून तर पडल्या वयनी विलेक्शनला."

"संडास घराला चिटकून हाय, कसंतरी वाटतं." हे म्हणणारा माणूस निवडणुकीत त्याच संडासात झोपला होता पिऊन. त्याला दोघांनी धरून बाहेर काढला होता.

सुनील आला, धनराजचा चुलतभाऊ. बायकोला घेऊन आला. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली अन् भिंतीजवळ हात पसरून मापं घ्यायला लागली. "हितं फ्रीज बसंल आपला," ती म्हणाली. संध्या तिथंच भाकऱ्या थापत होती. तिला जरा सरक म्हणाली ती जाऊ. जरा सरक! तिच्याच चुलीपासून!

सुनील बाहेर धनराजला म्हणाला, "भाऊ, तुजी अडचन ती माजी अडचन. घरातलं घरात ऱ्हावं म्हून आलो. आठ लाख देतो."

"आठ?" धनराज म्हणाला. "आरं, पंदरा लाखाचं घर हाय. आठानं माजं देनंसुद्धा नाय फिटत."

"पंदरा कोन देतंय ते तर बघ."

अन् खरंच कोण देईना. पुढचा आला तो म्हणाला साडेसात. त्याच्या मागचा आठ. सगळ्यांचं तोंड आठापाशी येऊन शिवल्यासारखं बंद व्हायचं. मला वाटलं गावात पैसाच नसेल. पण मी दूध घालायला जाते तिथं एका बाईनं मला हळूच सांगितलं, की कारभारी आबानं सगळ्यांना बजावलंय, आठाच्या वर कुणी बोलायचं नाय. त्याला स्वतःला पाहिजे होतं ते घर, पोराच्या मोबाईलच्या दुकानासाठी. आखाजी जवळ आली की बाई गुडघ्यावर येईल, मंग तो आठानं उचलणार. सुनीलला त्यातून काय मिळणार होतं ते त्यालाच माहीत.

मी हे संध्याला सांगितलं. ती पदरानं तोंड पुसून परत भाकऱ्या थापायला लागली. नेमका त्याच संध्याकाळी कारभारी आबा आला. खुर्ची ओढून बसला. ओट्यावरच्या रुद्रनं त्याला नमस्कार केला, त्यानं मान हलवली. ते बघून मला शिसारी आली. ओळख होती म्हणजे दोघांची.

"धनराज, गावात काय काय कानावर येऊ ऱ्हायलंय," आबा म्हणाला. "मला लय वाईट वाटलं. तुज्यासाठी म्या काय नाय केलं?"

अन् धनराज? धनराज आत वळून म्हणाला, "अगं, आबा आलेत. च्या टाक."

संध्या दारात आली. डोक्यावर पदर होता तसाच होता. "दूध नाय," ती म्हणाली.

"काळा टाक की."

"साखर नाय, पत्ती नाय, पानी बी नाय. आबांनी आमच्याकडं खायचं ऱ्हायलेलं आता फकस्त घर हाय, ते खायाला ते सोता आलेत. च्या कशाला लागतो त्यांना?"

आबा हसला. पिकल्या मिशीतून हसला. "पोरी, तापू नको. मेल्या म्हशीला मनभर दूध असतं. तुज्या घराची किंमत तुला लय वाटनारच. पन वेळ आली की इचार कर." असं म्हणून तो उठला अन् जाताना रुद्रच्या खांद्यावर थोपटून गेला.

तो गेल्यावर धनराज खाटेवर बसून रडायला लागला. मोठा बाप्या, हुंदके देऊन. "माज्यामुळं झालं सगळं. मी फास घिऊन मरतो."

संध्या त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं जवळ बसेल. ती म्हणाली, "रडू नको. रडायला बी घर लागतं. अन् मरायचं नाव काढू नको, तुज्या दहाव्याला परत हीच मानसं जेवायला येतील, अन् मला त्यांना परत वाढायचं नाय."

अहो-जाहो करणारी बाई, पहिल्यांदा त्याला अरे म्हणाली. त्याचं रडणं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. "मावशी, सविता सिस्टरचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

सविता म्हणजे आमच्या गावच्या उपकेंद्रातली सिस्टर. डोंगराकडची, हरसूलच्या पलीकडची. गावात बदलून आली तेव्हा खोली शोधत हिंडली होती. घराघरात नाय म्हणाले. कुणी म्हणालं खोली रिकामी नाय, कुणी म्हणालं पोराचं लग्न आहे. खरं कारण एकच, आडनाव विचारलं की समजायचं कुठल्या जमातीची. तिच्या हातानं लेकरांना सुई टोचून घ्यायची, बाळंतपणात तिला मध्यरात्री बोलवायचं, अन् भाड्यानं खोली द्यायची म्हटलं की यांच्या देवाला विटाळ. ती बिचारी नाशिकरोडला राहून रोज बसनं ये-जा करायची.

संध्यानं फोन लावला. "सिस्टर, तुमाला गावात खोली कुनी देत नव्हतं ना? घर घेता का?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाय. पण रविवारी सविता आली, संगतीला आईबाप. रावजी अन् तानुबाई. त्यांचं भाताचं एक खाचर रस्त्यात गेलं होतं, त्याचे पैसे आलेले, अन् बाकीचं सविता पगारावर कर्ज काढून घालणार होती. रावजी वाळलेला, उंच, पांढरी टोपी. तानुबाई ठेंगणी, नाकात मोठी नथनी, अन् नजर अशी की काय सुटेल तर शपथ.

मी आपली मनात म्हणत होते, गरीब माणसं आहेत, संध्याची अडचण ऐकून मुकाट पैसे देतील. कशाचं काय! रावजीनं आधी शोषखड्ड्याचं झाकण उघडायला लावलं. उन्हात, भर दुपारी. वाकून बघितलं, नाक न दाबता. मग जिन्यानं स्लॅबवर गेला, पायानं ठोकून आला. तानुबाईनं नळ सोडून बघितला, पाणी कधी येतं, किती वेळ येतं, हंडे किती भरतात, सगळं विचारलं.

"पंदरा सांगतेस बाय," रावजी म्हणाला. "खड्डा बारका आहे. पाच वरसात भरंल. तेरा दीन."

"बाबा, तेरात माजं देनं फिटतं, पन हातात कायच ऱ्हात नाय. पोरगी हाय मला."

"मला पन पोरगी आहे. तिचेच पैसं आहेत हे."

"चौदा द्या."

रावजीनं तानुबाईकडं बघितलं. तानुबाई म्हणाली, "खाट ठेवशील काय? अन् ती पान्याची टाकी?"

"टाकी ठिवते. खाट नाय."

"मंग पावने चौदा."

पावणेचौदाला ठरलं. चांगलं तासभर घासाघीस झाली, पण त्यात कुणी कुणाची थट्टा केली नाय, कुणी वास्तुशास्त्र काढलं नाय. तोंडावर विचारलं, तोंडावर सांगितलं. संध्या मला नंतर म्हणाली, "मावशी, लय दिसांनी मानसाशी बोलल्यासारकं वाटलं."

आता राहिला पंचायतीचा उतारा. घर संध्याच्या नावावर असल्याचा दाखला असल्याशिवाय नाशिकरोडच्या ऑफिसात खरेदी होईना. ती गेली तर शिपाई म्हणाला साहेब नाय. दुसऱ्या दिवशी साहेब होते तर म्हणाले घरपट्टी बाकी. ती भरली. मंग म्हणाले, उद्या या. आखाजी चार दिवसांवर आलेली.

मी तिच्यासंगं गेले. कचेरीत पंखा गरगरत होता. टेबलामागं ग्रामसेवक, बाजूला सरपंचाचा नवरा गंगाधर. निवडून आलेली त्याची बायको, पण खुर्चीत तो. अन् कोपऱ्यात पाय पसरून कारभारी आबा. मला कळलं उतारा कुठं अडलाय.

"संध्या," आबा म्हणाला, "घर इकायचं त्याला कुनाची ना नाय. पन गावाचा इचार घ्यायचा असतो. कोनाला इकू ऱ्हायलीस ते बघशील का नाय? गल्लीत चार चांगली घरं हायेत. उद्या त्या लोकांचे सगेसोयरे येतील, कोंबड्या कापतील, दारू गाळतील. लेकीबाळी हायेत आपल्या."

मला तर हसावं का थुंकावं कळेना. लेकीबाळी! मोहिनीचं नाव घेणारा रुद्र ज्याच्या पायाशी वाकतो तो माणूस हे बोलत होता.

संध्या त्याच्याकडं वळलीच नाय. ती गंगाधरकडं बघून म्हणाली, "भाऊ, तुमी जितले, आमी पडलो. त्याचं काय मला आता दुक नाय. एक इचारू?"

"इचारा."

"वरच्या गल्लीत वाटायला तुमी पाकिटं कुनाच्या हातात दिली व्हती?"

गंगाधर चपापला. ग्रामसेवक लगेच कागदात डोकं घालून बसला.

"सांगू नका, मला म्हाईत हाय. कारन आमीबी त्यांच्याच हातात दिली व्हती. मतदानाच्या आदल्या दिशी. देवाच्या अंगाऱ्यावर हात ठिवून आबांनी घेतली. आता तुमी असं करा भाऊ, वरच्या गल्लीत जा, अन् दारोदार इचारा, कुनाला पोचलं का. आमचंबी अन् तुमचंबी. एकाला जरी पोचलं आसंल तर मी हे घर आबांना फुकाट लिहून देते."

गंगाधरनं हळूहळू मान वळवली अन् आबाकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत मला हिशेब फिरताना दिसला. वरच्या गल्लीत त्यालाही वाटलं होतं त्यापेक्षा कमीच मतं पडली होती.

"काय वो आबा?" तो म्हणाला.

"आरं, पडलेल्या बाईचं काय ऐकतो? येडी झाली ती."

"येडी आसंल. पन तुमी मला म्हनले व्हते ना, धनराजचा रुपया हातात धरला नाय म्हनून?"

आबा उठला. "तुज्या घरी बोलू."

"घरी कशाला? हितंच बोला." अन् गंगाधर ग्रामसेवकाला म्हणाला, "साहेब, ह्या बाईचा दाखला देऊन टाका. आत्ता. ज्याला इकायचं त्याला इकूद्या."

दाखला मिळाला. आम्ही बाहेर पडलो तरी आतला आवाज वाढत चालला होता. कुणाचाच कळवळा नव्हता त्यात. चोर चोराला विचारत होता, माझी वाटणी कुठं गेली. संध्या पायऱ्या उतरून वडाखाली आली अन् तिनं कागद घडी करून पदरात बांधला. "मावशी, ह्या कागदासाठी मला त्या घानीत हात घालावा लागला," ती म्हणाली. "काम झालं. पन बरं नाय वाटत."

आखाजीच्या आदल्या दिवशी खरेदी झाली. नाशिकरोडला बँकेतच तिनं त्या व्याजवाल्याचे पैसे भरले अन् धनराजच्या सह्या असलेले कोरे चेक परत घेतले. बाकीच्यांना दारात बोलावून दिले, खाटकाला, मंडपवाल्याला. धनराज बाजूला मान घालून उभा. रुद्र शेवटचा निरोप घ्यायला आल्यासारखा आला अन् म्हणाला, "वयनी, राग नका धरू. आमाला रोजावर बसवतात."

"किती रोज?"

त्यानं सांगितला. संध्या म्हणाली, "माज्या नवऱ्याच्या विटांच्या कामावर ह्यापेक्षा जास्त मिळाला असता. हात काळे झाले असते फकस्त." त्यानं खाली बघितलं. मला त्याची कीव आली नाय, अजूनही येत नाय.

सामान एका छोट्या गाडीत मावलं. सुनीलची बायको ओट्यावर येऊन म्हणाली, "जाऊबाई, ती खाट जड हाय, इथंच ठिवून जाता का?" संध्यानं गाडीतल्या खाटेला दोरी आवळली. धनराज ड्रायव्हरशेजारी बसला होता, तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याच्या कानाशी लागलं. आबा अन् गंगाधरचं फाटलंय, आता पुढच्या खेपेला तिसरं पॅनल होईल, तू गाव सोडू नको. मी बघत होते. त्या येड्या माणसाच्या चेहऱ्यावर परत तोच उजेड आला.

संध्यानं मागून ते बघितलं. ती गाडीतून उतरली, पुढं गेली अन् दार उघडलं. "उतर," ती म्हणाली.

"अगं, मी नुसतं ऐकू ऱ्हायलो..."

"तुला गाव पायजे ना? ऱ्हा गावात. उतर खाली."

तो उतरला. काय करणार? मोहिनीला पुढं बसवून संध्या आत चढली अन् गाडी धूळ उडवत गेली. धनराज रस्त्यात उभा. अन् कानाशी लागलेला माणूस बायको गेलेल्या माणसाचा आपल्याला काय उपयोग म्हणून केव्हाच सटकला होता. त्या रात्री धनराज माझ्या पडवीत झोपला. सकाळी उठला, भाकर खाल्ली नाय, अन् चालत निघाला.

तानुबाई राहायला आली त्याला आता वर्ष होत आलं. बरी आहे शेजारीण. तोंडानं फटकळ, पण नागलीची भाकर केली की एक मला आणून देते. गावानं पहिले दोन महिने त्यांच्याशी बोलायचं टाळलं. नळावर बाया तिचा हंडा आला की आपला मागं घ्यायच्या. तानुबाई म्हणायची, "घेव दे मागं, माझा लवकर भरतो."

पावसाळ्यानंतर मी देवळाली कॅम्पला गेले संध्याकडं. बाजाराच्या मागं एक खोली आहे भाड्याची. ती फौजींच्या वर्द्या दुरुस्त करते, बटणं लावते, उंची कमी-जास्त करते. मोहिनी कॉलेजला जाते. धनराज पंधरा दिवसांनी येऊन दारात बसला होता म्हणे. तिनं आत घेतला. का घेतला ते मी विचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. आता तो स्टेशनला मालाच्या गाडीवर हमाली करतो. संध्या त्याच्याशी बोलते, वाढते, पण ते अहो काही परत आलं नाय.

मी तिला गावच्या गोष्टी सांगितल्या. परवाची सांगितली. निवडणूक लागलीय, गावाची नाय, मोठी, जिल्ह्याची. तर कारभारी आबा आला तानुबाईच्या दारात. हातात नारळ. चपला काढून ओट्याखाली ठेवल्या अन् हात जोडून म्हणाला, "रावजीबाबा, तुमी आता आमच्या गावचे. तुमच्या घरची तीन मतं, अन् सिस्टरबाईंचं चार मानसांत वजन हाय. गावानं तुमाला आपलं मानलंय."

संध्याची सुई थांबली. "आपलं मानलं?"

"हो. असंच म्हनला. आपलं मानलंय."

तिला हसू फुटलं. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी बघितलं मी ते. मंग पदरानं डोळे पुसत विचारलं, "अन् तानुबाई काय म्हनली?"

"काय नाय. तांदूळ पाखडत व्हती. सूप घिऊन उठली, आत गेली अन् दार लावून घेतलं."

"नारळ?"

"भाईरच ऱ्हायला."

बाहेर सैनिकांची गाडी गेली, खोलीची पत्र्याची खिडकी थरथरली. धनराज कामावरून आला, मला बघून कसनुसं हसला अन् हात धुवायला मोरीकडं गेला.

"मावशी," ती म्हणाली, "दार तर मलाबी व्हतं. सागवानी, दोन झडपांचं."

अन् सुईत परत दोरा ओवायला लागली.